वेलिगामाला दोघंच: एकीला लाटांवर जायचंय, दुसऱ्याला पाण्याची धास्ती

ओलीवाळू
नमस्कार मंडळी. आमचं लग्न गेल्या वैशाखात झालं. देवदर्शन झालं, दोन्हीकडची गावं झाली, मावश्या-आत्या-काका सगळ्यांकडची जेवणं झाली. पण दोघंच असे कुठे गेलेलो नाही. आता पहिल्यांदाच आठवडाभर दोघांनी समुद्रावर जायचं ठरतंय.

मला कॉलेजपासून सर्फिंग शिकायचंय. बरंच शोधल्यावर श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं वेलिगामा मनात भरलंय. अडचण एकच. नवऱ्याला पाण्याची भीती आहे, तीही लहानपणापासूनची. गुडघ्याच्या वर पाणी आलं की चेहरा उतरतो. तो म्हणतो, "तू खुशाल शीक, मी काठावर बसतो." हे तो मनापासून म्हणतो, पण मला जड जातंय. लग्नानंतरची पहिलीच सहल आणि मी लाटांत, तो वाळूत?

तर विचारायचं असं: वेलिगामा नवशिक्यांसाठी खरंच चांगलं आहे का? रजा ऑगस्टमध्ये मिळतेय, चालेल का? आणि पाण्यात न उतरणाऱ्या माणसाचा तिथे आठवडा चांगला जातो का? "दुसरीकडे जा" हा सल्लाही ऐकून घेईन, फक्त कारण सांगा.

नुसतीच_वाचक
धाग्यावर बसून आहे. आमच्याकडेही हेच, फक्त घाबरणारी मी.

अनुजा_कोलंबो
नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे राहते आणि दक्षिण किनाऱ्यावर नेहमी जाणं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ऑगस्टचं. वेलिगामा, मिरिस्सा, अहंगामा, हिरिकेटिया या सगळ्या दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मोठ्या लाटा मुळात दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांतून निघतात आणि हजारो किलोमीटर येतात. त्या किनाऱ्याशी कशा फुटणार ते मात्र इथला वारा ठरवतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे असला की लाट नीट उभी राहते, तिचा उतार गुळगुळीत मिळतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा समुद्रावरून थेट अंगावर येतो, लाटा विस्कटतात, पाणी गढूळ होतं. वेलिगामाचा उपसागर बराच आडोशाला आहे, त्यामुळे शिकवण्या तेव्हाही चालतात, पण जी मजा फेब्रुवारीत आहे ती ऑगस्टमध्ये नाही.

ऑगस्टमध्येच यायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे. तिथला हंगाम बरोबर उलटा, साधारण मे ते सप्टेंबर. पण कोलंबोहून रस्त्याने सात-आठ तास. आणि गाव जवळजवळ सगळं सर्फिंगवर चालतं. कुमाना अभयारण्य आहे, पोत्तुविलच्या खाडीत होडीतून हत्ती-मगरी बघता येतात, पण ते झालं की न सर्फणाऱ्याला आठवडा लांबतो. तुमचं जोडपं बघता मी दक्षिणच सांगेन, आणि रजा पुढे ढकला.

वेलिगामा नवशिक्यांसाठी का चांगलं, तर तळाला वाळू आहे. मिदिगामा-अहंगामाला बऱ्याच ठिकाणी खाली प्रवाळाचा खडक, पडलात की सोलपटतं. वेलिगामाला कमरेएवढ्या पाण्यात शिकता येतं. तिथला खरा धोका गर्दीचा. शिकणारे शेकड्याने असतात आणि ज्याला वळता येत नाही असा माणूस नऊ फुटी फळी (सर्फबोर्ड) घेऊन तुमच्याकडे येत असतो. त्यामुळे सकाळी लवकरची वेळ घ्या.

सह्यवेडा
अनुजाताई, माहिती उत्तम. पण मला कळत नाही, शिकायला परदेशी कशाला? मंगळूरजवळ मुल्कीला सर्फ आश्रम कधीपासून आहे, आपल्याकडे हा खेळ तिथूनच रुजला. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम आहे, पुढे महाबलीपुरम आहे. कोळ्यांची पोरं तिथे अशी सर्फ करतात की बघत राहावं. २०२५ ची आशियाई सर्फिंग स्पर्धा महाबलीपुरमलाच झाली आणि आपल्या रमेश बुदिहाळने त्यात कांस्य मिळवलं. आपल्या माणसांकडून शिका ना. महाबलीपुरमला नवऱ्याला पल्लवांची शिल्पं बघायला मिळतील, त्याचा आठवडा कमी पडेल.

ओलीवाळू
सह्यवेडा, महाबलीपुरमची सूचना खरंच आवडली, ती यादीत गेली. तरी पहिल्या सहलीला ओळखीचं कोणी भेटणार नाही असं गाव हवंय. चेन्नईत माझी नणंद, दोन चुलत दीर आणि सासूबाईंची मैत्रीण राहते.

सह्यवेडा
मग वेलिगामाच. शब्द मागे घेतो.

कलंदर
माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. पहिली सहल एकमेकांना ओळखायला असते. ठरवून झालेलं लग्न असेल तर जास्तच. सकाळी ती पाण्यात, हा किल्ल्यावर, संध्याकाळी दोघं दमून झोपलेले. मग घरी काय वाईट होतं? सर्फिंग पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर करता येईल. या वेळी दोघांना आवडेल असं एकच काहीतरी निवडा आणि ते बरोबर करा. आम्ही मुन्नारला गेलो होतो, दिवसभर बरोबर चालायचो. त्या चालण्यात आम्ही जे बोललो तेवढं नंतर वर्षभरात बोललो नसू.

नुसतीच_वाचक
कलंदर यांच्याशी अर्धी सहमत. चालताना बोलणं होतं हे अगदी खरं.

मालती_ठाणे
बाळांनो, थोडं जुनं सांगते. १९८६ साली आम्ही गोव्याला, कोलव्याला गेलो होतो. आमच्या ह्यांना पाणी म्हणजे जीव की प्राण. दिवसभर समुद्रात. मी साडी नेसून काठावर, मांडीत ह्यांचं घड्याळ, पाकीट, चष्मा, शेजारी चपला. ऊन सरकेल तशी मी सरकायची. हे मधूनच हात हलवायचे, मीही हलवायची. माणूस चांगला, प्रेमळ, पण त्या चार-पाच दिवसांत मला काय बघायचंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला जुन्या गोव्याची चर्चेस बघायची होती. ती बघितली मुलगी कॉलेजात गेल्यावर, तिच्याबरोबर.

म्हणून ओलीवाळू, तुझ्या नवऱ्याला काठावर बसवू नकोस. काठावरचा माणूस हळूहळू सामानाचा राखणदार होतो. त्याला त्याचं काहीतरी असू दे, तुझ्याइतकंच मोठं. सकाळचे तीन तास तुझे तुला, त्याचे त्याला. उरलेला सगळा दिवस आहेच की बरोबर राहायला.

आंबटगोड
मालतीताई, प्रतिसाद काळजाला भिडला. घड्याळ, पाकीट, चष्मा. माझी आई डोळ्यांपुढे आली.

देवबागकर
मी समुद्राकाठचा माणूस, तेव्हा त्या बाजूने दोन शब्द.

आमचे आजोबा सांगायचे, "दर्याक पाठ दाखवची नाय." पाण्यात उभं असताना तोंड कायम लाटेकडे. फोटोसाठी पाठ करून हसणारे आम्ही तारकर्लीला रोज बघतो आणि रोज ओरडतो.

दुसरं, ओढ ओळखायला शिका. लाटा डावी-उजवीकडे फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, पाणी जरा गडद किंवा गढूळ, फेस आत चाललाय. नवख्याला वाटतं हीच जागा बरी, इथे लाट नाही. तीच ओढ. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथून परत आत जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमून बुडाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या, मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे. पोहता येत नसेल तर तरंगत राहा, हात वर करा.

तिसरं, सर्फबोर्ड कधीही तुमच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे धरू नका. लाट ती फळी तुमच्या तोंडावर मारते. फळी बाजूला ठेवायची.

ओलीवाळू, तुला पोहता येतं का? हे आधी सांग.

ओलीवाळू
हो काका, पोहता येतं. महानगरपालिकेच्या तलावात वर्षानुवर्षं जाते. समुद्रात मात्र कधी नाही.

पोहणारा_मासा
मी पोहायला शिकवतो, मोठ्या माणसांनाही. दोन गोष्टी.

एक, तलावात पोहणारा माणूस समुद्रात लवकर दमतो. तळ दिसत नाही, भिंत नाही, श्वास घेताना तोंडावर पाणी येतं. जायच्या आधी दोन महिने न थांबता पोहण्याचा सराव वाढव. आणि जमिनीवर पालथं झोपून एका झटक्यात उभं राहण्याचाही. हात बरगड्यांशी, छाती वर, मागचा पाय, पुढचा पाय. सर्फिंगमध्ये दम जातो तो उभं राहण्यात कमी आणि हाताने वल्हवण्यात जास्त. खांदे तयार ठेव.

दोन, नवऱ्याबद्दल. पाण्याची भीती असलेल्या माणसाला "अरे, काही होत नाही, ये" म्हणून ओढू नये. त्या माणसाच्या छातीत खरोखर धडधडतं, श्वास अडकतो, त्या क्षणी तो काही शिकू शकत नाही. एकदा ओढलं की भीती दुप्पट होते. ही भीती जाते, पण ती संथ पाण्यात, तळ पायाला लागतो अशा तलावात, ओळखीच्या माणसाबरोबर. आधी नुसतं पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायचे, मग भिंत धरून तरंगायचं. लाटांचा समुद्र ही त्याची शाळा नव्हे. सहलीला जाऊन "जमलं तर तोही शिकेल" ही आशा ठेवू नकोस. त्याच्यावर त्याचं ओझं येतं.

तटबंदी
नमस्कार. मीच तो नवरा. हिने दुवा पाठवला, सगळं वाचलं, आणि खाते उघडून लिहितोय.

मालतीकाकू, तुमचं वाचून मी बराच वेळ काही बोललो नाही. मी "काठावर बसतो" म्हणालो ते हिला मोकळीक मिळावी म्हणून. पण हिला जड का जातंय ते तुमच्यामुळे उमगलं. मी बसलेला दिसलो की तिचं अर्धं लक्ष माझ्याकडे राहणार. म्हणजे मी बसून तिला मोकळीक देतच नाहीये.

कलंदर, तुमचं मुन्नार समजतं. पण माझ्यासाठी हिने स्वतःची कधीची इच्छा पुढच्या वर्षावर टाकावी आणि आपण हातात हात घालून फिरावं, हे मला नाही चालणार. ती मला अजून ओळखतेय, मीही तिला ओळखतोय. लाटेवर उभी राहिलेली ती कशी दिसते, हेही ओळखण्यातच आलं.

मला किल्ले आवडतात, क्रिकेट आवडतं आणि नवीन गावात पायी भटकायला आवडतं. गॉल किती लांब आहे? तिथे एकट्याने सकाळ घालवता येईल का?

आंबटगोड
तटबंदी, हे लिहिलंत ते फार सुंदर. ओलीवाळू, आता तुझं उत्तर येऊ दे.

ओलीवाळू
उत्तर घरीच दिलं. 🙂

अनुजा_कोलंबो
तटबंदी, गॉल वेलिगामाहून साधारण पाऊण तासावर. बस सतत असतात, ट्रेनही आहे. १५८८ साली पोर्तुगिजांनी तिथे तट घातला, १६४० मध्ये डचांनी ते घेतलं आणि आज दिसते ती भक्कम तटबंदी मुख्यतः डचांची. १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. विशेष म्हणजे हा किल्ला नुसता अवशेष नाही, आत माणसं राहतात. शाळा सुटते, मशिदीतून बांग येते, डच चर्चमध्ये फरशीला थडग्यांचे दगड. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गॉल उद्ध्वस्त झालं, तटाच्या आतलं गाव बरंचसं वाचलं. तटावरून चालत फेरी मारायला सकाळी ऊन चढायच्या आत जा.

स्लिपमधला_झेल
तटबंदी, क्रिकेट म्हणालात म्हणून राहवलं नाही. गॉलचं मैदान त्या किल्ल्याला लागूनच आहे, तटावरून आख्खं मैदान दिसतं. २००८ मध्ये सेहवागने तिथे सलामीला येऊन नाबाद २०१ केल्या, संघाच्या ३२९ पैकी. आणि २०१० मध्ये मुरलीधरनने आधीच जाहीर केलं की ही शेवटची कसोटी, तेव्हा त्याच्या ७९२ विकेट होत्या. आठ हव्या होत्या. आठवी मिळाली ती शेवटची जोडी खेळत असताना. ओझाचा झेल, महेला जयवर्धने स्लिपमध्ये, ८००. समोर आपण होतो, आपण हरलो, आणि तरी मी टाळ्या वाजवल्या. तटावर उभं राहून ते मैदान बघा, माझ्यातर्फेही.

सह्यवेडा
सेहवागची ती खेळी विसरणं शक्य नाही. त्यांचा फिरकी गोलंदाज मेंडिस नवा होता, बाकी कोणाला त्याचा चेंडू वाचता येत नव्हता.

स्लिपमधला_झेल
गंभीरही चांगला खेळला होता हो. दोघांनी सुरुवात कशी करून दिली होती!

आंबटगोड
मंडळी, जोडप्याची सहल चाललीये, कसोटी नंतर.

रेल्वेवेडा
कसोटी थांबली तर मी ट्रेन आणतो. विमानतळावरून द्रुतगती मार्गाने मोटारीने थेट वेलिगामाला जाता येतं, तीनेक तासांत पोचाल. पण परतताना तरी किनाऱ्याची रेल्वे घ्या. वेलिगामा ते कोलंबो फोर्ट. गॉलनंतर रूळ समुद्राला इतके लागून आहेत की खिडकीतून तुषार आत येतात. कोलंबोकडे येताना डाव्या हाताची खिडकी धरा.

वाटेत हिक्कडुवाच्या पुढे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४ ला इथेच भरलेली गाडी त्सुनामीत सापडली. हजाराहून जास्त माणसं गेली, रेल्वेच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात म्हणतात. स्मारक आहे. सहलीत हे का सांगतोय असं वाटेल, पण ज्या समुद्रावर आपण सुट्टी घालवतो त्याच्या काठी राहणाऱ्यांनी काय पाहिलंय हे ठाऊक असावं.

देवबागकर
बरं केलंत लिहून.

खादाडखाऊ
आता पोटाकडे वळू या. दोघं मासे खाता का? खात असाल तर अंबुल थियल चुकवू नका. कुप्याचे (ट्यूना माशाचे) तुकडे गोरका लावून आटवलेले, काळपट, आंबट, तिखट. गोरका म्हणजे आपल्या कोकमाचाच भाऊबंद, त्यामुळे कोकणातल्या जिभेला पहिल्या घासात ओळख पटते. सकाळी आप्पे. म्हणजे आपले आप्पे नव्हेत, वाटीच्या आकाराचे पातळ कुरकुरीत, मधे अंडं फोडलेलं, बरोबर पोल संबोल, म्हणजे खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू. संध्याकाळी कोत्तू. हॉटेल शोधायची गरज नाही, आवाजाने सापडतं. तव्यावर दोन पात्यांनी रोटी खटाखट तोडत असतात आणि प्रत्येकाचा ताल निराळा. शेवटी म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुल माडाचा पाक.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. संबोलमध्ये आणि कित्येकदा भाजीतही वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, त्याला उंबलकड म्हणतात. "उंबलकड नको" एवढं पाठ करून जा. बाकी डाळ नारळाच्या दुधातली, फणसाची भाजी, बीट, भोपळा, भात. उपाशी राहण्याचा प्रश्नच नाही.

ओलीवाळू
मी मासे खाते, तो फक्त अंडं. उंबलकड दोघांनी पाठ केलंय.

आणि निर्णय झाला. रजा बदलून घेतली, फेब्रुवारीत वेलिगामा. तोवर पोहणारा_मासा यांनी सांगितलेला सराव. अजून काही असेल तर सांगत राहा.

फिरस्ती
मिरिस्साला देवमासे बघायला जाल ना? जगातला सगळ्यांत मोठा प्राणी, निळा देवमासा, तोही इतक्या जवळ. फेब्रुवारी अगदी हंगाम आहे.

पोहणारा_मासा
पाण्याची धास्ती असलेल्याला पहाटे बोटीतून चार-पाच तास खोल समुद्रात? मी नाही सुचवणार.

अनुजा_कोलंबो
मीही नाही, आणि माझं कारण दुसरंच. एका देवमाशाभोवती बोटींचा घोळका होतो, तो वर आला की सगळ्या धावतात. मला बघवलं नाही. जायचंच तर अंतर राखणारी, इंजिन बंद करून थांबणारी बोट विचारून शोधा. कोग्गलाचे खांबावर बसून मासे धरणारे कोळीही आता बहुतेक फोटोसाठीच बसतात आणि पैसे मागतात. त्यात वावगं नाही, पण आधी माहीत असू द्या.

आणखी काही: पौर्णिमेला पोया, सार्वजनिक सुट्टी, दारू मिळत नाही. देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो मोठा अपमान. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत यायचा ऑनलाइन परवाना, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, तसलीच दिसणारी बरीच खोटी संकेतस्थळं आहेत. यूपीआय २०२४ पासून चालतं, पण सगळीकडे नाही. सर्फची शिकवणी, रिक्षा, नारळपाणी यांना रोख लागते.

ओलीवाळू
मंडळी, जाऊन आलो! धागा वर आणते, कारण तुमच्यामुळेच सहल अशी झाली.

आधी सर्फिंग. पहिल्या दिवशी शिक्षकाने वाळूतच फळीचा आकार काढला आणि त्यात झोपून उठायला लावलं. आजूबाजूला लहान मुलं, जर्मन आजोबा, सगळे वाळूत उठाबशा काढताहेत. मग पाण्यात. घोट्याला पट्टा, पोटाखाली मऊ फळी, आणि मागून लाट येतेय याचा अंदाज फक्त आवाजावरून. शिक्षक मागून फळी ढकलतो, वेग पायांत जाणवतो आणि त्या क्षणी खाली बघितलं की पडलात. "खाली बघू नको, किनाऱ्यावरचं झाड बघ," हे तो सतत ओरडायचा. ज्या लाटेवर मी झाड बघितलं त्या लाटेवर मी उभी राहिले. फळी पाण्यावर सरकताना खालून एक बारीक फडफड ऐकू येते, ती कुठल्याच व्हिडिओत कळत नाही. वाळूपर्यंत आले, उतरले आणि मोठ्याने हसत सुटले. तो तेव्हा तिथे नव्हता. मला वाटलं होतं त्याचं वाईट वाटेल. उलट कधी एकदा त्याला सांगते असं झालं.

सकाळचे तीन तास ज्याचे त्याचे, हा मालतीताईंचा नियम आम्ही पाळला. दुपारच्या जेवणाला भेटायचं, पानावर बसायचं आणि आधी कोणी सांगायचं यावरून भांडायचं. कलंदर, तुम्ही म्हणाला होतात बोलणं होणार नाही. आमचं बोलणं संपत नव्हतं. संध्याकाळी मिरिस्सापर्यंत वाळूतून लांब चालायचो, ते तुमचं मुन्नार समजा.

गॉलची दुसरी फेरी आम्ही दोघांनी केली. पहिली त्याची एकट्याची. त्याचं तो लिहील.

तटबंदी
लिहितो. गॉलचा तट मी सकाळी सातला चढलो. झेंडा बुरुजाकडे काही मुलं शाळेत जाण्याआधी टेनिस चेंडूने खेळत होती. मला क्षेत्ररक्षणाला उभं केलं, चेंडू तटाबाहेर गेला की बाद. स्लिपमधला_झेल, मैदान तुमच्यातर्फेही बघितलं. गवताला पाणी घालणं चालू होतं.

वेलिगामातच रेल्वेरुळांच्या पलीकडे कुष्टराजगल नावाचं शिल्प आहे, एका मोठ्या खडकात कोरलेली बोधिसत्त्वाची उभी मूर्ती. बाराशे वर्षांच्या आसपासची सांगतात. कथा अशी की कातडीच्या रोगाने पिडलेला एक राजा इथे आला, तीन महिने फक्त नारळावर राहिला आणि बरा झाला. मुकुटावरचं कोरीव काम इतकं बारीक आहे की मी खडकासमोर कट्ट्यावर बसून वहीत उतरवत बसलो. राखण करणाऱ्या काकांनी शहाळं आणून दिलं, राजाचं औषध म्हणाले. कोग्गलाला लेखक मार्टिन विक्रमसिंघे यांचं घर आणि लोकजीवनाचं संग्रहालय आहे, तिथे मला एक सकाळ पुरली नाही. नांगर, मुखवटे, बैलगाड्या, मासे धरायची सापळी. कोकणातल्या माणसाने जरूर बघावं.

पाण्यात उतरलो का, असं कोणी विचारण्याआधी सांगतो: घोट्यापर्यंत. शेवटच्या सकाळी हिला लाटेवर बघायला मुद्दाम गेलो. तिथून ती लहानशी दिसत होती, पण उभी राहण्याची ढब ओळखू आली. हात थोडे वर, हनुवटी पुढे, अगदी घरी डबा उघडत नसला की असते तशीच.

इथे आल्यावर तलावाला नाव घातलंय. पोहणारा_मासा, बुडबुड्यांपासून.

पोहणारा_मासा
शाब्बास. घाई करू नका, चष्मा चांगला घ्या.

मालती_ठाणे
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मला तेव्हा सांगायचंस की." मी म्हटलं, आता सांगते ना. पुढच्या महिन्यात जुन्या गोव्याला जातोय, त्यांना पोहायचं असेल तर त्यांनी पोहावं.

कलंदर
माझं मत पूर्ण बदललं नाही, पण दुपारच्या जेवणाची गोष्ट पटली. ती मी डोक्यात धरलीच नव्हती.

नुसतीच_वाचक
आम्ही येत्या जानेवारीत निघतोय, नवरा लाटांवर, मी गॉलला. राहायला नक्की कुठे बघू? समुद्रासमोर की आत?

ओलीवाळू
वेलिगामात गॉल-मातराचा मोठा रस्ता किनाऱ्याला अगदी लागून जातो आणि तिथल्या बस जोरात हॉर्न वाजवत पळतात. समुद्रासमोरची खोली छान दिसते, पण पहाटेपासून आवाज. आम्ही रुळांच्या आतल्या बाजूला एका घरात वरच्या मजल्यावर राहिलो, चालत दहा मिनिटांत वाळू, आणि सकाळी घरच्या मावशी आप्पे करायच्या. नवऱ्याला लांब बाह्यांचा सर्फिंगचा अंगरखा इथूनच न्यायला सांग. फळीवर पालथं घासून बरगड्या आणि गुडघे लाल होतात. चेहऱ्याला जस्ताचं पांढरं मलम जाड लाव, साधं क्रीम पाण्यात टिकत नाही. शिकवणी ठरवताना फळी आणि अंगरखा धरून दर आहे का ते विचारा, आणि एका शिक्षकामागे किती जण असतात तेही. दोनापेक्षा जास्त असतील तर पुढच्या सर्फशाळेच्या तंबूत जा.